डाळीचं वरचं पाणी

दिघीत कुणाच्या पोराचं पोट बिघडलं, की आधी गिरजाबाईचं नाव निघायचं आणि मग डॉक्टरचं. डॉक्टरचं निघायची वेळ सहसा येतच नाही, असं बाया म्हणायच्या. भोसरीच्या माळावर बासष्ट सालानंतर एकामागून एक कारखाने उभे राहिले, गावातले निम्मे गडी धोतर सोडून खाकी पँट चढवायला लागले, भोंग्यावर स्वयंपाक व्हायला लागला, तरी पोटाच्या दुखण्याला बाई एकच. आणि बाई काही गरीब गाय नव्हती. "पथ्य म्हंजी पथ्य! येक शीत जरी पोटात गेलं, तर माझ्या दारात यायचं न्हाई," असं आधीच बजावायची. एखादीनं शीत जाऊ दिलंच, तर तिची अशी हजेरी घ्यायची की त्या बिचारीच्याच पोटात गोळा यावा.

पथ्य तिनं सासूकडून घेतलेलं. तुरीची डाळ मऊ शिजवायची, घोटायची, पातेलं चुलीवरून उतरवून अजिबात न हलवता ठेवायचं. डाळ खाली बसली, वर पिवळसर पाणी निवळलं, की पातेलं कलतं करून ते पाणी वाटीत ओतायचं, आणि तेही जुन्या धोतराच्या फडक्यातून. त्यात मिठाचा खडा. सोबत तांदळाची पातळ पेज. बस्स. दूध नाही, शेंगदाणा नाही, अंड्याचं तर नावच नको. "डाळीचा कस पान्यात उतरतो, खाली ऱ्हातो तो चोथा," सासू म्हणायची, आणि गिरजाबाई ते पुढं अख्ख्या गावाला सांगायची. पातेलं कलतं करण्यात तिचा हात असा होता, की वाटीत डाळीचा कण सापडेल तर शपथ.

आता खरं सांगायचं तर पोरांची साधी हगवण चार-पाच दिवसांत आपली आपणच थांबते. पाणी पोटात जातंय एवढंच तिला पुरतं. पण सहाव्या दिवशी पोर खेळायला लागलं, की नाव कुणाचं? गिरजाबाईचं. असं हे नाव वाढत गेलं.

पण त्या नावाआड एक जागा होती, तिथं बाई कुणाला बोट लावू द्यायची नाही. तिची लेक कस्तुरा.

सहासष्ट साली कस्तुरा दोन वर्षांची होती. थोरला जयसिंग नऊ वर्षांचा. नवरा सोपानराव नुकताच कंपनीत लागलेला, धातूला मुलामा द्यायच्या, प्लेटिंगच्या खात्यात, तिथल्या ॲसिडनं त्याच्या सदऱ्याला भोकं पडायची आणि गिरजाबाई ती तणतणत शिवत बसायची. घरात धाकटा दीर दौलतराव, त्याची बायको तानुबाई आणि त्यांची लहानगी लेक रंभा. दोघी जावांच्या चुली एकाच घरात, समोरासमोर. तानुबाई पुनावळ्याची, कमी बोलणारी, हळू चालणारी. गिरजाबाईला ती पहिल्यापासून वेंधळी वाटायची आणि तसं ती तोंडावर म्हणायचीही.

आषाढात कस्तुराला हगवण लागली. थांबली, परत लागली. गिरजाबाईनं पथ्य धरलं ते घट्ट. आठवडा झाला, दोन झाले, महिना झाला. पोरगी किरकिरी झाली, मग किरकिरही थांबली. केस तांबूस पडले, नुसतं हात फिरवला तरी हातात यायचे. आणि मग एके दिवशी तिचे पाय गुबगुबीत दिसायला लागले, गाल वर आले. गिरजाबाईनं तिला कडेवर घेऊन आळीभर फिरवलं. "बघा गं, धरलं का न्हाई अंग माझ्या लेकीनं! पथ्याचा गुन हाय!"

तानुबाईनं पोरीच्या पायावर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तो तसाच राहिला.

"आक्का, ह्ये अंग न्हवं गं," ती म्हणाली. "सूज हाय ही."

"तुला लई कळतंय! तू आपल्या रंभीचं नाक पूस आदी."

दोन दिवसांनी, ऐन श्रावणात, गिरजाबाई ओढ्याला धुणं घेऊन गेली असताना तानुबाईनं आपल्या कोंबडीचं अंडं उकडलं. घरात मटण, अंडी वर्ज्य नव्हती, पण श्रावण म्हणजे श्रावण. त्या महिन्यात घरात अंड्याचं टरफल दिसणं हेच पाप, मग आजारी लेकराच्या तोंडात घालणं तर विचारूच नका. तिनं ते कुस्करून कस्तुराला भरवलं. पोरगी चार दिवस कशाला तोंड उघडत नव्हती, ती सगळं खाऊन तानुबाईची बोटं चाटत राहिली.

रात्री ती एकदा ओकली. सकाळी उठलीच नाही.

टरफल गिरजाबाईला तानुबाईच्या चुलीच्या राखेत सापडलं. मग काय झालं ते दिघीतल्या जुन्या बाया अजून सांगतात. लेकीचं कलेवर घरात आणि ही बाई मोकळ्या केसांनी आळीच्या मध्यावर उभी. "श्रावनात अंडं घातलंस! जड घालून मारलीस माझी लेक! राक्षशीन हायेस तू!" तानुबाई भिंतीला टेकून उभी होती. ती नाही म्हणाली नाही, हो म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तिला भूक लागली व्हती, आक्का." त्या शब्दांनी गिरजाबाई अशी पिसाळली की चौघींनी धरली तेव्हा आवरली.

त्या दिवाळीच्या आत दौलतरावानं बायको आणि लेक घेऊन सासुरवाडी गाठली, पुनावळ्याला. दोन भाऊ लग्नकार्यात भेटायचे. दोघी जावा एकमेकींशी पुन्हा बोलल्या नाहीत. आणि बोल काय, बोलणारीच्या तोंडात थोडाच राहतो? तो तानुबाईच्या मागं मागं पुनावळ्याला गेला. तिथल्याही बाया तिला बघून पोरं पदराखाली घ्यायला लागल्या. गिरजाबाईच्या कानावर हे यायचं, तेव्हा तिला बरं वाटायचं. हे लपवून काय उपयोग, बरंच वाटायचं.

अशी चौदा वर्षं गेली. जयसिंग मोठा झाला, बापासारखाच कंपनीत लागला, शालन सून म्हणून घरात आली, आणि तिला नीला झाली. नीलावर गिरजाबाईचा जीव किती, हे सांगायची सोय नाही. पोरीला खाली ठेवायचीच नाही. सून म्हणायची, "आत्याबाई, तिला चालाय तर शिकू द्या," तर ही म्हणायची, "शिकंल की, कंपनीत थोडीच जायाचंय तिला उद्या!"

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात नीलाचं पोट बिघडलं. दोन वर्षांची होती.

पुढचं मी सांगायला नको. पातेलं उतरलं, डाळ बसली, पाणी निवळलं, फडकं आलं. आठवडा, दोन आठवडे. शालननं एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, थोडा भात डाळीत कुस्करून दिऊ का? लई बघती हो ती आपल्या ताटाकडं." गिरजाबाईनं तिच्याकडं असं पाहिलं की शालननं पुन्हा तोंड उघडलं नाही. चौथ्या आठवड्यात नीलाचे पाय भरले, गाल वर आले. आणि गिरजाबाई, ऐका, तीच बाई, तेच शब्द बोलली, "बघ, धरलं का न्हाई अंग!"

जयसिंग पहिल्या शिफ्टवरून आला होता. त्यानं लेकीचा पाय हातात घेतला, अंगठा दाबला. खळगा पडला, आणि भरून येईना. त्यानं आईकडं पाहिलं. नऊ वर्षांचा असताना बहिणीच्या पायावरचा असाच खळगा त्यानं पाहिला होता की काय, कोण जाणे. तो उठला. हात-पाय न धुता पोरीला उचललं, शालनला म्हणाला, "चल." गिरजाबाई पायात चपला न घालताच मागं धावली.

चिंचवडच्या एका दवाखान्यात नीलाला ठेवून घेतलं. डॉक्टर घाईत होते. त्यांनी तपासलं, काहीतरी लिहिलं आणि खाण्यापिण्याचं बघायला कुसुमताईंना बोलावलं. कुसुमताई म्हणजे पांढऱ्या साडीतली, चष्मा लावणारी, पुण्याची बाई. दवाखान्याच्या मागं त्यांचं एक छोटं स्वयंपाकघर होतं, तिथं त्या आयांना शिकवायच्या.

"मावशी, पोरीला काय देत होता खायला?"

"डाळ," गिरजाबाई मान ताठ करून म्हणाली. "दोन टाइम, न चुकता. आन पेज."

कुसुमताई गोंधळल्या. "डाळ रोज? मग ही अशी सुजेल कशी? कशी देत होता, जरा करून दाखवता?"

हे म्हणजे गवयाला गा म्हणण्यासारखं झालं. स्टोव्हवर डाळ शिजलेलीच होती. गिरजाबाईनं ती घोटली, उतरवली, थांबली, पातेलं कलतं केलं. वाटीत पाणी आलं, पिवळं, स्वच्छ, एक कण नाही. पोरीच्या काळजीतसुद्धा तिला जराशी ऐट वाटली. कुसुमताई त्या वाटीकडं बघत राहिल्या. मग पातेल्यात राहिलेल्या घट्ट डाळीकडं बोट करून त्यांनी विचारलं, "आणि हे कोण खातं?"

"घरातली मानसं. धडधाकट हायेत ती, त्यास्नी पचतं."

कुसुमताईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू बोलल्या.

"मावशी, डाळीचा कस पाण्यात उतरत नाही हो. तो खाली बसतो. पाण्यात येतं थोडं मीठ, थोडी चव. तुम्ही पोरीला महिनाभर चव पाजलीत."

गिरजाबाई हसली. खरंच हसली, इतकं ते तिला वेड्यासारखं वाटलं.

"तुमचं घर मातीचं?" कुसुमताईंनी विचारलं.

"व्हय."

"सारवता ना? दर चार-आठ दिवसांनी? नाही सारवलं तर?"

"पोपडं निघत्यात. भुईला भेगा."

"आपल्या आतड्याला आतून असंच सारवण असतं. ते रोज झिजतं आणि चार-पाच दिवसांत नवं होतं. हगवण लागली की जास्तच झिजतं. नव्या सारवणाला शेणमाती लागते, ती डाळीत, अंड्यात, दुधात, शेंगदाण्यात असते. पोटात गेल्यावर तिचे बारीक कण होतात, डॉक्टर त्यांना अमायनो ॲसिड म्हणतात..."

"ॲसिड?" गिरजाबाई उभीच राहिली. "आमच्या मालकांच्या सदऱ्याला त्यानं भोकं पडत्यात! माझ्या नातीला ते पाजता व्हय?"

"ते वेगळं," कुसुमताई हसू दाबत म्हणाल्या. "नाव सारखं, बाकी काही संबंध नाही. नाव सोडा. एवढंच लक्षात ठेवा, की आतडं इतर अंगासारखं नुसतं रक्तावर जगत नाही, आतून जो घास जातो त्यातून ते आपलं पोट आधी भरतं. घासात शेणमातीच नसेल तर सारवण होत नाही, सारवण नाही तर खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि हगवण थांबत नाही. तुम्ही म्हणता, हगवण थांबली की डाळ देऊ. अहो, डाळ दिली नाही म्हणून ती थांबत नव्हती. आणि अंगातली ही शेणमाती, म्हणजे प्रथिनं, अशी संपली, की पाणी पायात उतरतं. त्याला तुम्ही अंग धरलं म्हणता."

गिरजाबाईला सगळं कळलं असं नाही. पण सारवण कळलं. आणि कुणी घट्ट डाळ खाल्ली तेही कळलं. नातीची डाळ सोपानरावाच्या आणि जयसिंगच्या डब्यातून रोज कारखान्यात गेली होती, आणि उरलेली तिनं स्वतः भाकरीबरोबर ओरपली होती.

नीलाला त्यांनी हळूहळू, चमच्या-चमच्यानं चढवलं. आधी मीठ-साखरेचं पाणी आणि पातळ दूध, मग घोटलेली डाळ खालून घेतलेली, मग दाण्याचं कूट, मग अंडं. पहिल्या आठवड्यात सूज उतरली तशी पोरगी नुसती हाडं राहिली, आणि गिरजाबाई कुसुमताईंना म्हणाली, "पार सुकवलीत की हो!" कुसुमताई म्हणाल्या, "ही खरी नीला. एवढीच उरली होती ती." त्यानंतर गिरजाबाईनं तिथं तक्रार केली नाही. दुसऱ्या आठवड्यात हगवण बंद झाली. एकोणिसाव्या दिवशी नीलानं शालनच्या हातातली वाटी हिसकावली आणि स्वतःच चाटली. जयसिंग खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

त्याच दिवशी गिरजाबाई स्वयंपाकघरात गेली. तिथं कुसुमताई एकट्याच होत्या.

"ताई, समजा... येकांदं लेकरू असंच हाय. पाय सुजल्यात, केस तांबडं झाल्यात. आन कुनीतरी त्याला येक अंडं खाऊ घातलं. तर त्यानं ते मरंल का वो?"

"अंड्यानं?" कुसुमताई हात पुसत म्हणाल्या. "नाही मावशी. तोवर ते लेकरू इतकं खचलेलं असतं, की ते कशानंही जातं. एका अंड्यानं ते वाचलं नसतं, पण अंड्यानं मेलं नाही हे नक्की. कुणाचं लेकरू?"

"हाय येक गावातलं," गिरजाबाई म्हणाली. लेक मेली तेव्हा तिला रडायला अख्खी आळी पुरली नव्हती. आता तिला साधं 'माझं' म्हणवेना.

घरी आली आणि तिनं सोपानरावाला सगळं सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "झालं ते झालं. आता उकरून काय कस्तुरा माघारी येनार हाय? तानूला कशाला सांगायचं? इसरली आसंल ती." गिरजाबाईला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. चोराच्या मनात चांदणं असतं, तशी ती आता पुनावळ्याचं कुणी दिसलं तरी वाट बदलायची, आणि तिकडं जायला चपला काही पायात चढायच्या नाहीत.

एक केलं तिनं. दारात येणाऱ्या बायांना सांगायला लागली, "वरचं न्हवं, खालचं द्या. घोटून द्या." बाया एकमेकींकडं बघायच्या. "अगं बाई, काल-परवापतुर उलटं सांगत व्हती की!" कारण कुणी विचारलं तर गिरजाबाई म्हणायची, "डाक्टरनी सांगितलंय," आणि विषय बदलायची. चुकले म्हणणं एवढं जड असेल असं तिला वाटलं नव्हतं. आणखी किती पोरांना आपण पाणी पाजलं, त्यातली कुठली राहिली, कुठली गेली, हे ती बोटांवर मोजायला बसायची आणि मोजता मोजता उठून जायची. ताटात घट्ट वरण आलं की ती ते बाजूला सारायची. शालन म्हणायची, "आत्याबाई, मीठ कमी पडलं का?" "न्हाई गं," ती म्हणायची, "माझंच काईतरी जास्ती झालंय."

असे आठ महिने गेले. मग एके दिवशी दुपारी दौलतराव आला. भावाला आमंत्रण द्यायला आला होता. रंभा बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा झाला, आता त्याचं उष्टावण करून, पहिला घास भरवून तिला सासरी पाठवायचं.

"तुमी बी या वयनी," तो म्हणाला, पण म्हणण्यापुरतंच. गिरजाबाईनं चहा पुढं केला. त्यानं बशीत ओतला आणि बशीकडं बघत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, "घर भरलंय, पर हिचं काय खरं न्हाई. नातवाला हात लावंना. रंभी म्हनली, आये, उष्टावनाचा भात तरी तू कर. तर न्हाई. माझ्या हातचं त्याच्या तोंडात नगं म्हनती. तिला वाटतंय, आपल्या हातानं पोरं जात्यात. लेकीला बी त्यानंतर तिनं कवा घास भरवला न्हाई, सगळं माझ्या सासूनं केलं. आता सासू बी ऱ्हायली न्हाई." त्यानं चहा संपवला आणि उठला.

गिरजाबाईला वाटत होतं, तानुबाई मनात आपल्याला शिव्या घालत असेल. शिव्या खायची तिची तयारी होती. पण तानुबाईनं तिचा बोल खराच मानला होता, चौदा वर्षं, सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या लेकीच्या ताटासमोर बसून. हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती तिथंच चुलीपुढं बसली आणि तिला पदर तोंडात कोंबावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. सोपानराव म्हणाला, "आगं, उष्टावन परवा हाय." ती म्हणाली, "मला जेवाया जायाचं न्हाई." चिंचवडपर्यंत बस, पुढं पायी. बसमध्ये तिनं काय बोलायचं ते जुळवलं. सुरुवात अशी करायची, मग असं म्हणायचं, शेवटी हात जोडायचे आणि माफ कर म्हणायचं. नदी ओलांडली तोवर ते सगळं पाठ झालं होतं, आणि पुनावळ्याच्या वेशीत शिरली तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवेना.

तानुबाई पडवीत तांदूळ निवडत होती. केस निम्मे पांढरे. शेजारच्या चार बाया मदतीला आलेल्या, रंभा पोराला मांडीवर घेऊन बसलेली.  गिरजाबाईला बघून तानुबाई उठली. "आक्का?" म्हणाली आणि घाईनं आतल्या दाराकडं वळली. "आत ये. हितं नगं."

"न्हाई," गिरजाबाई म्हणाली. "तुला राक्षशीन म्हनले ते काय आत बसून म्हनले न्हाई मी. हितंच बोलते. ह्या बायांनी बी ऐकू द्या."

आणि ती बोलली. उभ्या उभ्या, उलटंपालटं, मध्येच रडत, मध्येच स्वतःलाच शिवी देत. डाळ, पाणी, पायाची सूज, नीला, दवाखाना, सारवण. "अंड्यानं न्हाई गेली ती. डाक्टरीन बाईला ईचारलं मी. मी मारली तिला तानू, महिनाभर पानी पाजून. तू येकटीनं तिला खायला घातलं, आन तुलाच मी गावभर बदनाम केलं. तुज्या हातात काय खोट न्हाई. कवाच नव्हती."

 तानुबाई परत खाली बसली. सूप मांडीवर घेतलं, पण निवडेना.  गिरजाबाईला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर सूप फेकून मारेल. दोन्ही चाललं असतं.

"येक ईचारू, आक्का?" तानुबाई म्हणाली. "येका अंड्यानं वाचली नसती, म्हनतीस."

"व्हय. तसं म्हनली ती बाई."

"रोज दिलं असतं तर?"

 हा प्रश्न गिरजाबाईनं कुसुमताईंना विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती, नीला घरी अंगणात पळत होती. मला ठावं न्हाई, असं म्हणता आलं असतं. अगदी जिभेवर आलं होतं.

"त्याच्या आदी बी दोनदा उकडलं व्हतं मी," तानुबाई पुढं म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "श्रावन लागायच्या पयलं. दोनी येळेला तुज्या खोलीच्या दारापतुर आले वाटी घिऊन. आतनं तुजा आवाज आला. भ्याले, माघारी फिरले. रंभीला घातलं ते." तिनं रंभेकडं पाहिलं, आणि रंभेनं पोराला छातीशी धरलं. "म्हंजी तवाच दिलं असतं, रोज चोरून दिलं असतं, तर कस्तुरा..."

ओझं उतरवायला आपण आलो आणि हिच्या डोक्यावर दुसरंच ठेवलं, हे गिरजाबाईला तिथं उभ्या उभ्या कळलं. खोटं बोलावं, निदान आज तरी, असं तिला फार वाटलं. पण खोट्यानंच तर ही बाई चौदा वर्षं जळली होती.

"वाचली असती," ती म्हणाली. मग खाली बसली, तानुबाईच्या अगदी समोर. "पर तू मला भ्यालीस ना?"

"व्हय. लई भ्यायचे तुला."

"मग ते बी माझंच हाय. तुजं न्हाई ते. त्यातलं कायबी तुज्याकडं ठिऊ नगंस तानू. समदं मला दे."

तानुबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या बघण्यात माया नव्हती, रागही नव्हता. बाजारात वस्तू घेताना नीट पारखून बघावी तसं तिनं जावेला पारखून पाहिलं.

"घे," ती म्हणाली. "घिऊन जा."

मग तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "रंभे, पोराला हिकडं दे." रंभेनं पोर तिच्या मांडीवर दिलं. तानुबाईला ते नीट धरता येईना, मान कुठं, हात कुठं, आणि शेजारच्या बाया एकदम बोलायला लागल्या, असं धर, तसं धर.

गिरजाबाई उठली. माफ कर म्हणायचं तसंच राहिलं होतं, आणि आता ते मागायला तिला तोंड नव्हतं. पायरीवर तिनं चपला घातल्या. तिला कुणी थांब म्हणालं नाही, आणि ते बरोबरच होतं.